हिमोग्लोबिन वाढलं, तरी थकवा का जात नाही?

प्रश्न : डॉक्टर, मी ३८ वर्षांची आहे. नोकरी, घर, दोन मुलं. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.९ आलं. आयर्नच्या गोळ्या दोन महिने घेतल्या. पोटाने फार त्रास दिला, पण हिमोग्लोबिन १२.१ झालं आणि मी गोळ्या थांबवल्या. आता सात-आठ महिन्यांनी पुन्हा तेच. सकाळी उठतानाच दमलेली असते. केस गळतात, संध्याकाळी बर्फाचे खडे चघळत बसावंसं वाटतं, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. नवा रिपोर्ट : हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ७. ‘थोडंसंच कमी आहे’ असं सगळे म्हणतात. पालेभाज्या भरपूर खाते. गोळी पुन्हा सुरू केली आहे. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि ही, अशा तिन्ही सकाळी चहाबरोबर एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त असतो, पण तो पहिल्यापासूनच आहे. घरचे म्हणतात, सगळेच दमतात, तू फार मनावर घेतेस. मी खरंच आळशी झाले आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही आजारी आहात आणि तो आजार तुमच्या रिपोर्टवर आकड्यांत छापलेला आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा, ७ असताना नोकरी आणि घर दोन्ही रेटणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्यांनी एक आठवडा तरी तेवढ्या लोहावर काम करून पाहावं. हे तुमच्या घरच्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

आधी ते ‘थोडंसंच कमी’ बघू. सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर असते. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही खालची मर्यादा, तुमचं ११.४, म्हणजे फक्त सहा दशांशाचा फरक. पण हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले सुटे पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं साधारण दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं आणि उरलेल्याचा मोठा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठवलेला असतो. तंगी आली की शरीर आधी साठा मोडतं, पाकिटाला शेवटी हात लावतं. म्हणून हिमोग्लोबिन घसरायला लागेपर्यंत साठा जवळजवळ संपलेला असतो. भरपाई होताना क्रम उलटा लागतो. आलेलं लोह आधी हिमोग्लोबिनला मिळतं, साठ्याच्या वाट्याला ते सगळ्यात शेवटी येतं.

गेल्या वर्षी काय झालं, ते आता कळेल. १२.१ आकडा आला त्या दिवशी तुमचा साठा भरायला जेमतेम सुरुवात झाली असणार, आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या थांबल्या. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात, कारण साठा त्या तीन महिन्यांत भरतो. दोष तुमचा नाही. रिपोर्टवरची लाल खूण गेली की औषध बंद करणं कोणालाही साहजिक वाटतं आणि पुढे काय करायचं हे सांगायला अनेकदा कोणी नसतं. मात्र या खेपेला आकडा १२च्या वर गेला की कॅलेंडरवर तिथून पुढचे तीन महिने मोजा आणि शेवटी फेरिटिन तपासून मगच डॉक्टरांशी थांबवण्याचं बोला.

फेरिटिन १५च्या खाली गेलं की लोहाची कमतरता आहे, असं जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसांबाबत मानते. अनेक डॉक्टर ३०च्या खालीच उपचार सुरू करतात आणि मीही त्यांच्यातलीच. तुमचं ७ आहे, तेव्हा इथे वादाला जागाच नाही. एक लक्षात ठेवा, ताप, संसर्ग किंवा कुठली सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. सर्दीतापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नका, आकडा उगाच बरा दिसेल.

आता थकव्याकडे. लोह फक्त रक्तासाठी लागतं असा समज आहे, पण स्नायूंना प्राणवायू साठवायला, पेशींना अन्नातून ऊर्जा काढायला आणि मेंदूला डोपामिन बनवायलाही ते लागतं. म्हणून हिमोग्लोबिन बरं असूनही साठा रिकामा असलेल्या बायका दमतात, विसरतात, चिडचिड करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲनिमिया नसलेल्या, पण थकवा असलेल्या आणि फेरिटिन ५०च्या खाली असलेल्या स्त्रियांना बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह दिलं. ज्यांना नुसतीच दिखाऊ गोळी दिली होती त्यांच्यापेक्षा या स्त्रियांचा थकवा स्पष्टपणे जास्त कमी झाला. म्हणजे ‘हिमोग्लोबिन तर ठीक आहे, मग थकवा मनाचा असेल’ हे म्हणणं चुकीचं आहे.

बर्फ चघळण्याबद्दल तुम्ही जरा संकोचानेच लिहिलंय असं वाटलं. संकोच सोडा. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटणं हे लोह कमी झाल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. बर्फाची ओढ तर इतकी ठळक असते, की ती ऐकली की मी आधी फेरिटिन तपासायला सांगते. उपचार नीट लागू पडले की ही ओढ बरेचदा हिमोग्लोबिन चढायच्याही आधी जाते. एका संध्याकाळी तुमच्या लक्षात येईल, की आज फ्रीजर उघडलाच नाही. रात्री पाय स्वस्थ न राहणं याचाही लोहाशी संबंध आहे. या त्रासात फेरिटिन ७५च्या खाली असेल तर लोह देऊन पाहतात. केसांना मात्र वेळ लागतो. आज गळणारा केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच सुट्टीवर गेलेला असतो, तेव्हा गळती थांबलेली दिसायला काही महिने जातील. तेवढ्यासाठी महागडी तेलं घेऊ नका.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जवळजवळ शेवटी, जाता जाता लिहिलंय. पाळीत रक्तस्राव जास्त असतो, पण पहिल्यापासूनच. या ‘पण’मुळेच इतकी वर्षं तिकडे कोणी पाहिलेलं दिसत नाही.

जरा हिशोब मांडू. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव. म्हणजे दर महिन्याला ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह नुसतं पाळीतून गेलं. त्याशिवाय त्वचा, आतड्यांचं अस्तर वगैरेंमधून रोज साधारण एक मिलिग्रॅम जातंच, ते महिन्याचं ३०. एकूण झालं ७०. आता जमेची बाजू. साध्या आहारातून शरीर रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतं, म्हणजे महिन्याला ३० ते ६०. बाकी तुम्हीच काढा. अशी तूट वर्षानुवर्षं चालू असताना पालेभाज्यांनी ती भरून निघणार नव्हतीच. तुम्ही खाण्यात कुठे कमी पडलेल्या नाहीत.

रक्तस्राव किती हे मोजायला यंत्र नको. दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतं का? रात्री बदलायला उठावं लागतं का? दोन पॅड एकावर एक लावावी लागतात का? नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांच्या वर चालते का? त्या दिवसांत बाहेर पडायचं तर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघता का? यातल्या एखाद्याचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती तुमची ‘प्रकृती’ नाही, तो तपासायचा आजार आहे. पुढच्या पाळीत रोज किती पॅड लागली आणि किती भिजली होती तेवढं लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘खूप जातं’ या शब्दांपेक्षा तो कागद लवकर काम करतो.

त्या सोनोग्राफी करायला सांगतील. गर्भाशयातल्या गाठी, पॉलिप, गर्भाशयाच्या भिंतीत अस्तर वाढणं अशी कारणं त्यात दिसू शकतात. थायरॉइड कमी असेल तरी पाळी जास्त जाते आणि तुम्हाला थायरॉइड आहेच. शिवाय तुम्ही ‘पहिल्यापासूनच’ म्हणता, म्हणून एक प्रश्न मुद्दाम विचारा : रक्त गोठण्यात काही दोष आहे का, हे तपासायचं का? दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात, आई-बहिणींनाही असाच त्रास आहे, असं काही असेल तर नक्की सांगा. व्हॉन विलेब्रँड नावाचा दोष अनेकींमध्ये असाच वर्षानुवर्षं ‘जास्त पाळी’ म्हणून दडून राहतो. उपायही आता बरेच आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या, पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत. पिशवी काढणं हा पहिला उपाय नव्हे. कोणी पहिल्याच भेटीत तेच सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

आता तुमच्या सकाळच्या त्या तीन गोळ्या. विसरू नये म्हणून एकत्र घेता हे समजतं, पण यात गोळ्या एकमेकींचं काम बिघडवतात. कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात, मग ती पुरेशी रक्तात जात नाही. आणि चहा वरून लोहाला अडवतो. म्हणजे तुमच्या थकव्यात थायरॉइडचाही हात असू शकतो. वेळा अशा लावा : उठल्यावर थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. लोहाची तिच्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी तासभर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाची गोळी कामाच्या ठिकाणी ड्रॉवरमध्ये ठेवा आणि फोनला गजर लावा, म्हणजे विसरायचं भय नाही. हा बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. थायरॉइडची गोळी आता जास्त शोषली जाईल, तेव्हा तिचा डोस कमी करावा लागण्याची शक्यता आहे.

पोटाच्या त्रासावर एक चांगली बातमी आहे. आपल्या यकृतात हेप्सिडिन नावाचं एक हार्मोन बनतं. लोह जास्त आलं की ते वाढतं आणि आतड्याचं दार लावून घेतं. लोहाचा एक मोठा डोस घेतला की हेप्सिडिन साधारण एक दिवस चढलेलं राहतं, त्यामुळे त्याच दिवशी घेतलेल्या दुसऱ्या गोळीतलं लोह फारसं आत जात नाही. ते आतड्यातच पडून राहतं आणि मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात मुरडा यांना कारण होतं. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासांत एक दिवसाआड दिलेल्या गोळीतून दर डोसामागे जास्त लोह शोषलं गेलेलं दिसलं. म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा गोळ्या घेण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. दिवसातून एकदाच किंवा एक दिवसाआड घेऊ का, असं तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एक दिवसाआड घेतल्यावर आकडा जरा सावकाश चढतो, पण त्रासाला कंटाळून मध्येच सोडलेल्या रोजच्या गोळीपेक्षा ते केव्हाही चांगलं.

पाकिटावरचा आकडाही नीट वाचा. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह असतं ६५ मिलिग्रॅम, आणि फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत ३५च्या आसपास. एक गोळी सोसत नसेल तर कमी लोहाची दुसरी मागा, उपचारच सोडू नका. रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, शोषण जरा कमी होईल इतकंच. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं तर मात्र ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि घरात मुलं आहेत म्हणून सांगते, या गोळ्या कुलपात ठेवा. रंगीत गोळ्या लहान मुलांना खाऊसारख्या दिसतात आणि मूठभर गोळ्या एखाद्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

आहाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुमच्या बाबतीत तो मुख्य मुद्दा नाही. मांस-मासळीतलं लोह भाज्या-धान्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. खात असाल तर आठवड्यातून काही वेळा खा. शाकाहारी असाल तर डाळी आणि कडधान्यांवर भर द्या, भिजवून मोड आणले की शोषण सुधारतं, आणि जेवणात लिंबू किंवा दुसरं काही क जीवनसत्त्वाचं असू द्या. पालकाची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे : १०० ग्रॅम कच्च्या पालकात जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलंही फार थोडं आत जातं. चहा-कॉफीची वेळ मात्र खरंच बदला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर घेतलेल्या एक कप कॉफीने लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटलं. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही तेवढंच नुकसान केलं, जेवणाआधी तासभर घेतलेलीने काहीच केलं नाही. तेव्हा चहा सोडायची गरज नाही, तो जेवणाच्या आणि गोळीच्या आधी बराच वेळ घ्या, नंतर लगेच नको.

ताकद कधी येईल? गोळी लागू पडली की आठवडा-दहा दिवसांत अस्थिमज्जा नव्या पेशी भराभर सोडायला लागते. तुमचं हिमोग्लोबिन आता फार खाली नाही, त्यामुळे ते महिन्या-दीड महिन्यात १२च्या वर जावं. चार आठवड्यांनी तपासा. आकडा जागचा हलला नसेल तर ‘अजून थोडे दिवस घेऊ’ म्हणत बसू नका. रक्त अजून जातं आहे का, गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक आजार आहे का, जठरात एच. पायलोरी जंतू आहेत का, ब-१२ जीवनसत्त्व कमी आहे का, हे पाहायला हवं. गोळ्या सोसतच नसतील किंवा रक्तस्राव इतका असेल की गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, तर शिरेतून लोह देता येतं. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं. त्याला शेवटचा उपाय समजून घाबरू नका, अनेकींना त्याचा फार आधार होतो.

दरम्यानचे आठवडे निभावायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. तुमचं हृदय कमी प्राणवायूच्या रक्तावर जास्त फेऱ्या मारून काम भागवतंय, म्हणून जिन्यावर धडधडतं. या दिवसांत धावणं, जोराचा व्यायाम, ‘अंग हलवलं की बरं वाटेल’ म्हणून दमणूक, हे सगळं थांबवा. रोज थोडं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि दुसऱ्या दिवशी जास्त दमायला झालं तर अंतर कमी करा. डोकं ज्या तासांत चालतं त्या तासांत महत्त्वाचं काम उरका. संध्याकाळी उसनं अवसान आणायला कॉफीचे कप वाढवू नका, त्याने झोपही जाते आणि लोहही. एखादा दिवस बरा गेला की आठवड्याची तुंबलेली कामं त्याच दिवशी उरकायची, ही सवय जवळपास प्रत्येकीला असते आणि पुढचे दोन दिवस ती वसूल करते. बऱ्या दिवशी थोडी कामं शिल्लक टाका.

आणि मदत मागा, नेमकी मागा. ‘मला बरं नाही’ याला घरात कोणी उत्तर देत नाही. ‘पुढचे तीन महिने रात्रीचं आवरणं तुमच्याकडे आणि मुलांची सकाळ एक दिवसाआड तुमच्याकडे’ याला उत्तर द्यावंच लागतं. रिपोर्ट समोर ठेवा आणि ७ या आकड्यावर बोट ठेवून सांगा.

छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडलात, पाळीत तासाला एकाहून जास्त पॅड भिजायला लागलं किंवा दिवस राहिल्याची शंका आली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठीही एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमचं फेरिटिन असं खाली आलं तर नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका. तुमच्या बाबतीत रक्त बहुतेकदा जठर किंवा आतड्यांतून जातं, त्यामागे अल्सर, रोजच्या वेदनाशामक गोळ्या किंवा क्वचित कर्करोग असू शकतो, आणि दुर्बिणीची तपासणी टाळून ते कळत नाही. ज्यांच्या लाल पेशी लहान आहेत पण फेरिटिन चांगलं आहे त्यांनी थॅलॅसेमिया मायनर आहे का ते पाहावं. त्यांना लोहाची गरज नसते, उगाच घेतलेलं साठत जातं.

तुम्ही या आठवड्यात दोनच गोष्टी करा. उद्यापासून तिन्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. पाळीची नोंद त्या भेटीआधी हाताशी असली तर उत्तम, नसली तरी भेट पुढे ढकलू नका. चार आठवड्यांचं हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीत काय निघालं ते मला कळवा, पुढचं तेव्हा बोलू.